मास्तरांचा डबा: १८३ नाण्यांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, नौपाडा, ठाणे

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, आज डबा दिला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत १८३ नाणी, प्रत्येक आपापल्या पाकिटात, आणि पाकिटात मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. सोबत एक दोनशे पानी वही. मार्चमध्ये मास्तरांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो की चुकीच्या छपाईच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात. वहिनींचं म्हणणं एवढंच: "भावजी, खरं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं, तेवढं निवडून द्या. पुढचं पुढे."

मी नाण्यांतला जाणकार नाही. चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्रेस टूल बनवली. पट्टीतून चकती कशी कापली जाते आणि डाय, म्हणजे ठशाचा पोलादी साचा, तडकली की मालावर काय उमटतं, एवढं कळतं. टांकसाळीतही शेवटी तेच. पट्टी लाटायची, चकत्या कापायच्या, भट्टीत घालून मऊ करायच्या, धुवायच्या, काठ वळवायचा, मग वरची डाय, खालची डाय आणि भोवती कॉलर, म्हणजे चकती पसरू न देणारी रिंग, एका दाबात नाणं. यातल्या कुठल्यातरी पायरीवर बिघाड झाला असेल तर ती टांकसाळीची चूक. नाणं कॉलरमधून बाहेर पडल्यानंतर जे काही झालं ते नुकसान, मग ते दिसायला कितीही चमत्कारिक असो.

हत्यारं: दहा पटींचं भिंग, सोनाराचा छोटा काटा (०.०१ ग्रॅमपर्यंत), व्हर्निअर, चुंबक, टेबललॅम्प. चार वाट्या मांडल्या: टांकसाळ, नंतरचं, काहीच नाही, कळत नाही.

८ जानेवारी

सुरुवात सोप्यापासून. मास्तरांच्या अकरा चिठ्ठ्यांवर लिहिलंय, "सालाखाली खूण नाही. एरर." मुंबईच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याची खूण असते, हैदराबादच्या चांदणी, नोएडाच्या ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. अकराच्या अकरा नाणी कोलकात्याची. वाटी तिसरी.

मास्तरांना हे माहीत नसेल असं वाटत नाही. बहुधा सुरुवातीच्या दिवसांतली असावीत. पहिल्या वर्षी माणसाला सगळंच वेगळं दिसतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला वर गेलो आणि परत येऊन चार तास बसलो. आज रेघा. तेवीस नाण्यांवर चिठ्ठी आहे "डाय क्रॅक".

यात माझा हात सरावलेला. डायला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो, म्हणजे नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा पडला तर रेघ आत जाते. लॅम्प एका बाजूने अगदी आडवा धरायचा आणि सावली रेघेच्या कुठल्या अंगाला पडते ते पाहायचं. संशय असेल तर शेजारच्या अक्षराची सावली बघायची, अक्षर तर उठलेलंच असतं. दोघांची सावली एका बाजूला पडली तर तडा. तडा अक्षरावरून चढून पलीकडे सलग जातो. ओरखडा अक्षराचा माथा खरवडतो आणि दोन अक्षरांमधल्या खोलगट जागेत बहुतेकदा तुटतो.

तेवीसपैकी एकोणीस खरी. त्यात २००३ चं दोन रुपयांचं नाणं आहे, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं, रेल्वेचा शुभंकर भोलू हत्ती कंदील घेऊन उभा असलेलं. तडा हत्तीच्या सोंडेपासून थेट काठापर्यंत. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून आमच्या ठाण्यालाच आली, त्यामुळे मास्तरांच्या वर्गात हे नाणं दरवर्षी फिरायचं. चिठ्ठीवर लिहिलंय, "भोलूच्या सोंडेतून पाणी." पोरांपैकीच कुणीतरी म्हटलं असणार.

एका नाण्याच्या काठाला तुकड्याएवढा उंचवटा आहे, त्यावर नक्षी काहीच नाही. डायचा कोपराच तुटून पडला की तिथे असा गोळा येतो. वरून कुणी शिसं चिकटवलं असतं तरी दिसायला असाच. मग नाणं उलटून बरोबर त्या जागेमागची बाजू पाहायची. धातू त्या पोकळीत धावलेला असतो, म्हणून मागची अक्षरं तेवढ्याच भागात फिकी पडतात. इथे पडली आहेत. खरं.

२५ जानेवारी, शनिवार

"डबल" लिहिलेली सव्वीस नाणी. डोळे दुखले.

बहुतेकांवर आकड्याच्या एका अंगाला सपाट पायरी आहे. ठोका बसून डाय उचलताना ढिली डाय थोडी सरकते आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड दाबून टाकते. त्यामुळे अक्षराची मूळ जाडी कमी होते. डायच दुहेरी ठसलेली असेल तर दोन्ही ठसे गोलसर आणि पुऱ्या उंचीचे असतात, कोपऱ्यांवर खाच दिसते आणि एकूण अक्षर जाड वाटतं. शिवाय त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच उमटतं.

इथे पायरीवाली तेवीस. आता ही पायरी टांकसाळीतच पडली, हे खरं. पण संग्राहक तिला किंमत देत नाहीत आणि मीही देणार नाही. ढिल्या होल्डरवर आलेला माल आम्ही 'नमुना' म्हणून कधी ठेवला नव्हता. वाटी तिसरी.

उरलेली तीन 'कळत नाही' मध्ये. त्याच साच्यातलं दुसरं नाणं शेजारी ठेवल्याशिवाय बोलणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तोंडात मारल्यासारखं झालं आज.

काठ कापल्यासारखी दिसणारी नऊ नाणी होती. गेल्या आठवड्यातच त्यातलं एक स्टीलचं रुपयाचं नाणं मी 'नंतरचं' मध्ये टाकलं. कारण कापलेल्या जागेच्या बरोबर समोरचा काठही बसका दिसत होता. मी म्हटलं, कुणीतरी चिमट्यात धरून कानस मारली, धरलेली बाजू दबली. पक्का निवाडा.

आज नऊ एका ओळीत मांडली तेव्हा सहा नाण्यांवर तोच बसका काठ दिसला, प्रत्येक वेळी कापाच्या नेमका समोर. सहा वेगळी माणसं सहा वेळा इतकी नेमकी चिमटा धरणार नाहीत. मग काठवळणीचं यंत्र डोळ्यांसमोर आणलं. चकती फिरतं चाक आणि स्थिर खाच यांच्यामध्ये दाबली जात घरंगळते. कापलेली बाजू एका अंगाला आली की तिथे दाब घ्यायला धातूच नसतो. मग समोरच्या अंगालाही दाब बसत नाही. तिथला काठ उठतच नाही. म्हणजे जे मी बनावटीचं लक्षण धरलं, तेच खरेपणाचं सगळ्यात मोठं लक्षण. संग्राहकांत याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात, हे संध्याकाळी वाचून कळलं. नाव कळायच्या आधी कारण कळलं याचं थोडं समाधान.

कापाचा गोल बाक का येतो हे मात्र मला लहानपणापासून ठाऊक असल्यासारखं आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पंच, म्हणजे चकती कापणारं हत्यार, आधीच्या भोकावर थोडा चढतो. म्हणून त्या बाकाची त्रिज्या चकतीएवढीच येते. कागदावर नाण्याचं वर्तुळ काढून कापात बसवून पाहिलं, सहाही जमली. कापाजवळची अक्षरं कापाच्या दिशेने ओढल्यासारखी पसरली आहेत, कारण ठोका बसताना धातूला तिकडे मोकळी वाट होती. उरलेल्या तिघांत अक्षर मध्येच सुरीने कापल्यासारखं संपतं आणि भिंगाखाली कानशीचे समांतर दात दिसतात. वजन तर नऊच्या नऊ नाण्यांचं कमी भरतं, ते काही सांगत नाही.

सहा पहिल्या वाटीत. मागचा निवाडा वहीत लाल शाईने खोडला.

९ फेब्रुवारी

फिरलेल्या डायची चौदा. आपल्या नाण्याची बाजू पान उलटल्यासारखी बदलली की दुसरी बाजूही सरळ उभी यायला हवी. ही तिरकी येतात. नातवाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजली, १५ अंशांपासून जवळजवळ १७० पर्यंत. नंतर कुणी असं करू शकत नाही. करायचं तर दोन नाणी पोखरून एकमेकांत बसवावी लागतील, आणि मग काठाच्या आतल्या अंगाला सांधा सापडतो. सगळ्यांची काठाची आतली रेघ नखाने फिरून तपासली. सांधा नाही. चौदा खरी.

जादूगाराचं एक नाणं आहे डब्यात, दोन्हीकडे सिंह. फरशीवर टाकलं, बद्द आवाज आला. मास्तरांनीच लिहिलंय, "जत्रेत घेतलं, गंमत."

१६ फेब्रुवारी, रविवार

खाडीची नाणी. अठरा. मास्तर ही कळव्याच्या पुलाकडच्या पोरांकडून घ्यायचे. लोकलच्या दारातून माणसं खाडीत नाणं टाकून हात जोडतात, आणि ओहोटीला पोरं दोरीला चुंबक बांधून गाळात फिरवतात. त्यामुळे या अठरात चुंबकाला न चिकटणारं एकही नाही. तांबे-निकेलची जुनी जाड पाच रुपयांची नाणीही पडली असतील, ती चुंबकाला लागत नाहीत, म्हणजे अजून गाळातच.

स्टील असलं तरी खाऱ्या पाण्याने त्याला बारीक खड्डे पडतात. चार चिठ्ठ्यांवर "धातूचा पापुद्रा निघालेला" लिहिलंय. खरा पापुद्रा पट्टी लाटण्याच्या दिशेने निघतो, लांबट असतो आणि त्याच्या कडा उचललेल्या दिसतात. खाडीचा खड्डा कुठेही पडतो, अक्षरावर, मोकळ्या सपाट जागेवर, कडेवर, आणि तळाला काळा असतो. अठराही दुसऱ्या वाटीत.

रुळावर ठेवून चपटी झालेली दोन ॲल्युमिनियमची दहा पैशांची नाणी निघाली. ती ओळखायला भिंग लागत नाही, आमच्या लहानपणी हे धंदे मीही केले आहेत. कॉलर नसताना ठोका बसलेलं नाणंही पसरतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं, आणि मधली नक्षी पूर्ण आणि नीट असते. चाकाखाली गेलेल्यावर सिंह लांबट होतो.

तीन पातळ नाणी. पातळ पट्टीची चकती असेल तर नक्षी फिकी येते, पण व्यास बरोबर, कारण कॉलर तीच. ही तिन्ही व्यासातही अर्ध्या मिलिमीटरने कमी. आम्लात बुडवलेली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कौपिनेश्वराची रांग पार जांभळी नाक्यापर्यंत गेली होती. परत येऊन दहा रुपयांचं कडं घेतलं, मधला गाभा नसलेलं. मास्तरांनी याला दीड हजार दिलेत. वजन ४.४५ ग्रॅम. पूर्ण नाणं ७.७१, गाभा ३.२६, म्हणजे वजन बिनचूक. पण गाभा टांकसाळीत बसलाच नसेल आणि नंतर कुणी ठोकून काढला असेल, दोन्ही वेळा वजन हेच भरणार.

मग भोकाची कड पाहिली. गाभ्याशिवाय ठोका बसला असता तर कड्याचा धातू आत मोकळ्या जागेत सरकला असता, भोक लहान झालं असतं, कड गोलसर आणि आतल्या अंगाची नक्षी भोकाकडे झुकलेली. इथे कड काटकोनात तीक्ष्ण आहे, भिंत सरळ आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे. गाभा पंचाने ढकलून काढलाय. दीड हजार गेले.

८ मार्च, शनिवार

आता टाळाटाळ पुरे. एक पाकीट पहिल्या दिवसापासून मी डब्याच्या तळाशी सरकवत आलो आहे.

रुपयाचं तांबे-निकेलचं नाणं. एका बाजूला सिंह नेहमीसारखा. दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा, आरशातल्यासारखा, आत गेलेला. बाजारात याला 'लाखी' म्हणतात, म्हणजे ब्रॉकेज. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर ठोकली जाते. मास्तर हे विकत घ्यायच्या आधी, सात-आठ वर्षांपूर्वी, माझ्याकडे घेऊन आले होते. मी कामावर निघालो होतो. दारातच उभं राहून, भिंग न लावता म्हणालो, "दाबाखालचंच काम आहे मास्तर, खरं दिसतंय." त्यांनी आठशे रुपये दिले.

आज भिंगाखाली ठेवलं. चिठ्ठीवरच पहिला शब्द आहे "१९८९". या नाण्यावर साल आकड्याच्या बाजूला असतं. ती बाजू खऱ्या ब्रॉकेजमध्ये उमटतच नाही, तिच्या जागी उलटा सिंह असतो. मग मास्तरांनी साल वाचलं कुठून? आत गेलेल्या सिंहाच्या खाली चपटं झालेलं साल दिसतंय. एकचा आकडाही दिसतोय.

व्यास २६ च्या जागी २६.४. कुणीतरी दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे कारागिराच्या लोखंडी पकडीत, धरून दाबली आहेत.

१५ मार्च, शनिवार

तरी खात्री करून घ्यायची होती. नाणं मोडून बघणं शक्य नाही, २०११ च्या नाणे कायद्याने नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, आणि मास्तरांच्या डब्यातल्याला तर हातही लावणार नाही. वागळेत जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तांब्याच्या आठ चकत्या काढल्या, तापवून मऊ केल्या, प्रत्येकीवर नंबर पंचाने ७ ठोकला. मग चकतीवर पितळेचं उठावदार बटण ठेवून व्हाइसमध्ये दाबलं.

बटणाची नक्षी आत उमटली. पण ७ चा आकडा काही जाईना. चपटा होत गेला, पण राहिला. व्हाइस सोडून हातप्रेसवर घेतलं, दाब वाढवला. सात पुसट झाला आणि चकती बाहेर पसरली, भाकरीसारखी. शेवटच्या दोन चकत्या पोलादी रिंगमध्ये बसवून दाबल्या, तेव्हा पसरल्या नाहीत, पण सात तिथेही भुतासारखा मागे राहिला. मागची बाजू दबू नये म्हणून खाली चामड्याचा तुकडा ठेवला, तर मागचे ठसे वरवर शाबूत, फक्त माथे मऊ. मास्तरांच्या नाण्यावरचा 'नेहमीसारखा' सिंह आता परत पाहिला. त्याचीही आयाळ मऊ आहे.

चौतीस वर्षं प्रेसवर काम करून मी दारात उभा राहून म्हणालो, दाबाखालचं काम आहे. दाबाखालचं होतंच. कुठल्या दाबाखालचं, ते बघायचं राहिलं.

२२ मार्च

दोनशे पानी वही उघडली. नाण्यांची खरेदी, तारीख, किंमत, कुणाकडून. लाखीचं पान शोधलं. "१९८९. ८०० रु. शेजारी खरं म्हणतात. मला एकचं भूत दिसतं."

त्यापुढे काही नाही. मला ते कधी बोलले नाहीत.

३० मार्च, पाडवा

सकाळी स्वागतयात्रेचे ढोल, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी हिशेब. टांकसाळ ५५, नंतरचं ६१, काहीच नाही ५८, कळत नाही ९.

मुलगा आला होता. त्याला कुणीतरी फोन करून सांगितलंय की अख्खा डबा अठरा लाखांना घेतो, आधी 'नोंदणी शुल्क' भरा. त्याला रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२१ चं निवेदन दाखवलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली, बँकेचं नाव घेऊन शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. चेहरा उतरला त्याचा. चांगल्या पहिल्या वाटीचे काही हजार नक्की येतील म्हटलं, घाई करू नकोस.

वहिनींना लाखीचं सगळं सांगितलं. माझा दारातला निवाडा, आठशे रुपये, वहीतली ओळ. त्या भोलूचं नाणं हातात फिरवत ऐकत होत्या.

"त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "शेजाऱ्यांची गाडी चुकेल म्हणून मी जास्त विचारलं नाही."

भोलू विकायचा नाही असं ठरलं. लाखी मी आठशे रुपये देऊन विकत मागितली. वहिनींनी पैसे घेतले नाहीत, नाणं दिलं. पाकिटात नवी चिठ्ठी घातली: "१९८९, व्हाइसमध्ये दाबलेलं, नंतरचं." मास्तरांची चिठ्ठी तिच्या मागे तशीच ठेवली.

६ एप्रिल, रामनवमी

'कळत नाही' मधली नऊ घेऊन पुढच्या महिन्यात मुंबईच्या नाणे प्रदर्शनाला जायचं. दुहेरी तीन नाण्यांसाठी त्याच सालाची जोडी शोधायची. दोन कोऱ्या चकत्या आहेत, त्यांचं व्यास आणि वजन रुपयाशी जुळतं, काठही वळवलेला आहे, पण वागळेत अशा वॉशर मीच शेकडो काढल्या आहेत. त्यांच्याबद्दल आज काही लिहीत नाही.